सहा महिन्यांत बाजूला राहिलेलं

१ जुलै, बुधवार

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे, डबा अजून उघडलेला नाही. सकाळी नवरा म्हणाला, "अर्धं वर्ष संपलं. जानेवारीत कागदावर काय काय लिहिलं होतंस, ते एकदा काढून बघ तरी." त्याला मला टोचायचं नव्हतं. पण टोचलं.

कागद कपाटात बिलांच्या खाली सापडला. पाच गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, वर्षाअखेर स्वतःचं चष्म्याचं दुकान. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासले, आता पाटीवर आपलं नाव हवं. दुसरी, रोज अर्धा तास चालणं. तिसरी, नवऱ्याच्या घोरण्यावरून न भांडणं. चौथी, दर रविवारी वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, जाणं. पाचवी, अण्णांचा चष्मा.

पहिलीचं म्हणाल तर ठरवलं होतं त्याहून जास्तच शिल्लक पडली आहे. चालणं एकूण अकरा दिवस झालं. घोरण्याबद्दल न लिहिलेलं बरं.

चौथीसाठी दिनदर्शिका घेऊन मोजत बसले. सव्वीस रविवार झाले. त्यातले अण्णांकडे गेले चार. त्या चारांपैकी दोन वेळा चप्पलही न काढता निघाले. अण्णा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात, बसने पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं म्हणजे काही सात समुद्र नाहीत.

पाचवी तर मुळात त्यांनीच लिहायला लावली होती. फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा फोन करून विचारलं, "एकदा माझे डोळे बघशील का गं? काहीतरी बिनसल्यासारखं वाटतंय." मी म्हणाले, "अण्णा, थोडं थांबा. नव्या दुकानातला पहिला चष्मा तुमचाच." मला ते किती गोड वाटलं होतं. आज कागदावर वाचलं आणि कळलं, मी त्यांचं काम पुढे ढकललं आणि वर त्याला भेटवस्तूसारखा चकचकीत कागद गुंडाळला.

या रविवारी जायचंच.

५ जुलै, रविवार

जाऊन आले. मन काही ठीक नाही.

अण्णांनी दार उघडलं, "ये" म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. मी फळांची पिशवी पुढे केली, ती घेतली नाही. दोन क्षण हात तसाच धरून उभी राहिले आणि शेवटी ती स्वतःच टेबलावर ठेवली. रागावले आहेत. रागवायचा हक्कच आहे त्यांना.

घरात तीन नवे दिवे लावलेत, ऑपरेशनच्या खोलीसारखा लख्ख उजेड. म्हटलं, "अण्णा, एवढा झगझगाट कशाला?" तर म्हणाले, "वीज कंपनीवाले मित्र आहेत माझे." जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली आहे. विचारलं तर म्हणाले, शेजारच्या म्हातारीसाठी. आयुष्यभर दारोदार टपाल वाटलं, लोकांची काळजी करायची खोड जात नाही.

चहा त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. कपात ओतताना कडेला बोट धरून ठेवलं होतं. चटका बसेल म्हटलं तर हसले. मधेच स्टुलाला पाय लागला तेव्हा त्यांनी स्टुलालाच चार शब्द सुनावले.

दुकानाचं सांगितलं. कोपऱ्यावरचा गाळा, समोर शाळा, शेजारी औषधांचं दुकान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रस्त्यावरून वर यायला पायऱ्या किती?"

"तीन."

"कठडा आहे?"

"नाही."

"कठडा बसवून घे," म्हणाले. अजून उघडलंही नाही आणि यांना गिऱ्हाइकांची काळजी.

निघताना मी म्हटलं, "पुढच्या रविवारी तपासणीच्या काचांची पेटी घेऊन येते. डोळे तपासून टाकू." तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मान पूर्ण वळवून. म्हणाले, "खरंच ये."

८ जुलै, बुधवार

आज बत्तीस गिऱ्हाइकं. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला मी सांगतेच, वर्षातून एकदा डॉक्टरकडे जाऊन डोळ्यातला दाब बघून घ्या, चष्म्याच्या नंबरात तो कळत नाही. पाठ झालंय. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हाला डॉक्टर कमिशन देतात का?" मालकांना हसू आवरेना.

मालकांना अजून सांगितलेलं नाही की मी सोडून जाणार आहे. त्यांनीच मला हे काम शिकवलं. त्यांच्याशी बोलताना मी हल्ली फ्रेमा पुसत बसते.

१२ जुलै, रविवार

एक काम हातावेगळं झालं.

काचांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता घेऊन गेले. तक्ता भिंतीवर लावला, अण्णांना खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकून वाचायला लावलं. त्यांना वेळ लागला. एकेक अक्षर शोधल्यासारखं वाचत होते, ओळ संपली की पुढची ओळ सापडायची नाही, मान हलवत राहायचे. मला घाई होती. गाळ्याची मालकीण चार वाजता भेटणार होती. पण वाचलं सगळं. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत. त्या वयात एवढं कोणाला दिसत नाही. जवळचं वाचायचा नंबर किंचित बदलला होता, तेवढाच.

मी म्हटलं, "अण्णा, तुमचे डोळे पोराटोरांसारखे आहेत. काही झालेलं नाही."

त्यांनी तक्त्याकडे पुन्हा मान वळवली. मग म्हणाले, "नक्की?"

"एकोणीस वर्षं हेच करतेय मी."

"मग बरं," म्हणाले. चेहरा एकदम सैल पडला त्यांचा. चहा करायला उठले आणि आज चक्क शीळ घालत होते.

कागदावर पाचव्या गोष्टीसमोर बरोबरची खूण केली. गाळ्याच्या मालकिणीकडे वेळेत पोचले.

२० जुलै, सोमवार

गाळ्याचं टोकन दिलं. पावती घरी आणून नवऱ्याला दाखवली. त्याने ती दोन्ही हातांत धरून वाचली, मला बरं वाटलं.

मग म्हणाला, "काल संध्याकाळी बाजारात अण्णा दिसले. माझ्या अगदी बाजूने गेले, ओळख दाखवली नाही."

"रागावलेत ते. काल रविवार होता, तरी मी गेले नाही."

"नाही गं. मी हाक मारली तर थांबले, छान गप्पा मारल्या. म्हणाले, अरे, तू कुठून उगवलास?"

म्हाताऱ्या माणसांची तऱ्हा. पण काल जायला हवं होतं, हे खरं. गाळ्याचं माप घ्यायला सुताराला रविवारच मोकळा होता. हे लिहिताना दिसतंय की माझ्या प्रत्येक न जाण्याला एक सुतार आहे.

२८ जुलै, मंगळवार

अण्णांना सायकलचा धक्का लागला. उजवं मनगट मोडलं.

रविवारीही मी गेले नव्हते, तेही लिहून ठेवते.

दुकानात फोन आला तेव्हा मी एका मुलीच्या नाकावर फ्रेम बसवत होते. तशीच निघाले. इस्पितळाच्या बाकावर अण्णा बसले होते, हात गळ्यात बांधलेला. शेजारी सायकलवाल्या बाई रडवेल्या होऊन उभ्या होत्या. शाळेत शिकवतात. मला म्हणाल्या, "मी घंटी वाजवली हो, दोनदा वाजवली. ते थांबले पण. मला वाटलं मला बघितलं. आणि मी जवळ आले तसे सरळ पुढ्यात चालत आले."

अण्णा म्हणाले, "बाईंची काही चूक नाही. त्या अचानक उगवल्या."

"उगवले नाही हो काका, मी चांगली लांबून येत होते."

मी त्यांना पाणी दिलं. डाव्या बाजूने ग्लास पुढे धरला. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ग्लास माझ्या हातात, आणि ते म्हणाले, "पाणी मिळेल का कुठे?"

मी ग्लास बाकावर ठेवला.

मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. म्हटलं, "अण्णा, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका." दोन्ही हात त्यांच्या कानांच्या रेषेत नेले आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणले. "बोटं दिसली की सांगा." कानापासून गालापर्यंत आले, काही नाही. गालापासून पुढे आले, काही नाही. माझ्या दोन हातांमध्ये माझाच चेहरा मावेल एवढी जागा राहिली तेव्हा ते म्हणाले, "हां, आता."

सायकलवाल्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी हात पुन्हा त्यांच्या कानांपाशी नेले.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. तिला पेटी लागत नाही, काच लागत नाही. पहिल्याच वर्षी शिकवली होती मला मालकांनी. बारा तारखेला मी केली असती तर चार वाजताची वेळ चुकली नसती.

२९ जुलै, बुधवार

काचबिंदू, म्हणजे तोच डोळ्यातला दाब. दोन्ही डोळे.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर तपासून एक कागद दिला. काळा कागद, मध्ये नाण्याएवढं पांढरं. ते पांढरं म्हणजे अण्णांना जेवढं जग दिसतं तेवढं. डाव्या डोळ्याचं नाणं लहान, उजव्याचं त्याहून जरा मोठं. मधलं शाबूत होतं म्हणून ते तक्ता वाचू शकले. भोकातून बघितल्यासारखं, एकेक अक्षर.

म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची. औषधाचे थेंब दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, एकही चुकवायचा नाही."

मी विचारलं, "फेब्रुवारीत आणलं असतं तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत आणि क्रूरही झाल्या नाहीत. "हे बऱ्याच वर्षांचं आहे. पाच महिन्यांत किती गेलं, ते मोजून सांगता येणार नाही. थोडं गेलंच असेल."

मग फॉर्म भरताना विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी म्हणाले, "दुकानात असते."

कसलं दुकान, ते सांगितलं नाही. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं.

३१ जुलै, शुक्रवार

धाकट्याचा फोन आला. माझा भाऊ दूरच्या शहरात असतो, दोन वर्षांत आलेला नाही. "ताई, तू तर डोळ्यांचंच काम करतेस ना?" एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि फोन ठेवून मोकळी झाले असते.

मी म्हणाले, "नंबर तपासला होता मी. नंबरात हे कळत नाही." शब्द न् शब्द खरा आहे. तरी सांगताना वाटलं, खोटं बोलतेय. पोराटोरांसारखे डोळे आहेत असं म्हणाले होते, ते सांगितलं नाही.

त्याला बजावलं, तुझेही डोळे तपासून घे, हे घराण्यात उतरतं. तो म्हणाला, "आणि तुझे?" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२ ऑगस्ट, रविवार

मंगळवारपासून अण्णांकडेच राहतेय. उजवा हात बांधलेला, थेंब घालणार कोण? दुकानात सुट्टी टाकली आहे. मालकांना कारण सांगितलं. ते फक्त म्हणाले, "अण्णांचे? अरेरे." आणि मग, "तू तपासले नव्हतेस?" त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, आश्चर्य होतं. आरोप परवडला असता.

आज दुपारी थेंब घालून झाल्यावर अण्णा डोळे मिटून पडले होते. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून जाणवत होतं?"

"झाली दोन वर्षं. आधी वाटलं, उजेड कमी आहे. म्हणून दिवे आणले. मग बाजूच्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. तिथे खुर्ची आहे हे ठाऊक असायचं, दिसायची नाही. मग मोजायला लागलो. दारापासून जिना अकरा पावलं, पायऱ्या अठरा, नाक्यापर्यंत एकशे चाळीस. टपाल वाटताना सगळी गल्ली पायांनीच पाठ झालेली. पायांना कुठे चष्मा लागतो?"

"पट्ट्या शेजारच्या आजींसाठी नव्हत्या."

"त्या आजी तळमजल्यावर राहतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, "मला का नाही सांगितलं स्पष्ट?"

त्यांनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाले, "सांगितलं की एकट्याने बाहेर पडायचं बंद करतील, ही भीती होती. तरी ठरवलं होतं, तू पेटी घेऊन आलीस की तपासल्यावर सगळं सांगायचं. पण तू म्हणालीस, काही झालेलं नाही. वाटलं, हिला कळतं, एवढी वर्षं हेच करते. म्हणजे आपल्याच मनाचे खेळ आहेत. सुटलो म्हटलं. दोन वर्षांत मोठा रस्ता एकट्याने ओलांडला नव्हता, तो ओलांडायला लागलो."

म्हणजे सायकल त्यांच्यावर मीच आणून सोडली.

हे मी त्यांना म्हटलं नाही. इथे लिहिलं. त्यांनी डावा हात पुढे केला, हवेत जरा शोधला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला तो नको होता. तो हात डोक्यावर ठेवून घ्यायच्या लायकीची मी नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती. मान तशीच ठेवली.

५ ऑगस्ट, बुधवार

नवरा अण्णांकडे आला होता. जानेवारीचा कागद घेऊन आला. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

पैशाची अडचण नाही. औषध, डॉक्टर, सगळं भागेल. अडचण तासांची आहे. नवं दुकान म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, पहिली दोन वर्षं सुट्टी नाही. थेंब तीनदा. अण्णा आमच्याकडे राहायला तयार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. या घरातलं प्रत्येक पाऊल त्यांना ठाऊक आहे, आमच्या घरात ते पहिल्या दिवसापासून आंधळे होतील.

मी म्हटलं, "गाळा सोडते."

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. कान शाबूत आहेत त्यांचे. "माझ्या डोळ्यांच्या नावावर दुकान बंद करू नकोस. मग ते ओझं मी वाहायचं का?"

"तुमच्यासाठी नाही सोडत."

"मग कोणासाठी?"

मी जानेवारीच्या कागदाची घडी घातली. खरं सांगायचं तर स्वतःसाठीच. काहीतरी महागाचं सोडलं म्हणजे फिटेल, असा हिशेब मनात होता. नवरा हळूच म्हणाला, "शिक्षा म्हणून सोडणार असशील तर सोडू नकोस. वेळ हवा म्हणून सोडणार असशील तर सोड." एवढं शहाणपण याने घोरण्याखाली इतकी वर्षं कुठे दडवलं होतं कोण जाणे.

८ ऑगस्ट, शनिवार

गाळ्याच्या मालकिणीला विचारलं, पुढच्या वर्षापर्यंत थांबता का. नाही म्हणाल्या. निम्मं टोकन परत केलं. गाळा एका वह्यापुस्तकांच्या दुकानदाराला गेला. बसमधून येताना बघितलं, त्याने समोरच्या काचा पुसायला घेतल्या होत्या. पुढचा पाव तास मला अण्णांचा राग आला होता. खरोखरचा राग. माझ्यापासून लपवलं म्हणून, मोजत बसले म्हणून, म्हातारे झाले म्हणून. तेही लिहून ठेवते. दैनंदिनीत तरी चांगलं दिसायची गरज नाही.

मालकांना सगळं सांगितलं. गाळा घेतला होता, सोडला, आता अर्धा दिवसच येऊ शकेन. ते म्हणाले, "गाळ्याचं मला जुलैतच कळलं होतं. सुतार एकच आहे या भागात." मग म्हणाले, "दुपारी येत जा." आणि उरलेला दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

११ ऑगस्ट, मंगळवार

धाकट्याला फोन केला. म्हटलं, "मागच्या वेळी अर्धंच सांगितलं. मी अण्णांना म्हणाले होते की त्यांचे डोळे उत्तम आहेत. ते त्यावर विसंबून रस्ता ओलांडायला लागले."

पलीकडे त्याने खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, त्यांनी मला मागच्या वर्षी विचारलं होतं, पेपर वाचून दाखवशील का फोनवर. मी म्हटलं, अण्णा, वेळ कुठे आहे."

पुढच्या महिन्यात येतोय म्हणाला. येईल तेव्हा खरं.

१५ ऑगस्ट, शनिवार

काल माझे डोळे तपासून आले. दाब थोडा जास्त आहे, डोळ्याची नस चांगली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. घाबरायला हवं होतं, पण मला एक चमत्कारिक बरं वाटलं. अण्णांच्या रांगेत मीही कुठेतरी मागे उभी आहे.

नव्या कागदावर पुढच्या सहा महिन्यांचं लिहायला बसले. दुकान लिहिलं, तारीख घातली नाही. बाकी काही लिहिता येईना. थेंबांच्या वेळा लिहिल्या: सात, दोन, नऊ. सातचे आणि नऊचे माझे. दोनचे नवरा जेवणाच्या सुट्टीत जवळच्याच ऑफिसातून येऊन घालतो. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, असं अण्णा म्हणतात.

२३ ऑगस्ट, रविवार

सकाळी अण्णा म्हणाले, "आज नाक्यापर्यंत एकटा जातो. मोठा रस्ता नाही, फक्त नाका. हात बरा होईपर्यंत घरात बसलो तर पाय विसरतील."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांच्या भीतीचं आठवलं, मिटलं. हो म्हटलं. त्यांनी नवी पांढरी काठी डाव्या हातात घेतली आणि अठरा पायऱ्या उतरले.

मी दहा मोजून चप्पल हातात घेतली आणि अनवाणी मागे निघाले. पंधरा पावलं अंतर ठेवून. फसवणूकच ती, पण राहवेना. ते काठी दोन्ही बाजूंना टेकवत, मधेमधे थांबत, मान पूर्ण वळवून बघत चालले होते. कोपऱ्यावर एक दुचाकी आडवी लावली होती, काठी तिला लागली, त्यांनी वळसा घातला. मी श्वास सोडला.

नाक्यावर पोचून ते थांबले. माझ्याकडे पाठ होती. म्हणाले, "एकशे चाळीस. बरोबर आलं."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

"अगं, चप्पल घाल. काचा असतात इथे."

मी चप्पल घातली. म्हटलं, "कसं कळलं?"

"माझ्यामागे पायऱ्यांवर चप्पल वाजली नाही. पण दाराची कडी वाजली." त्यांनी मान वळवली, मला त्यांच्या नाण्यात आणलं आणि बघत राहिले. "मागून नको येऊस. चोरासारखं वाटतं, तुलाही आणि मलाही. यायचं तर डावीकडून ये. तिकडचं मला काहीच दिसत नाही."

मी त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. त्यांनी काठी काखेत धरली आणि माझं कोपर धरलं. समोरून दूधवाल्याची सायकल आली. मी म्हटलं, "सायकल." ते थांबले. ती गेली. मग आम्ही परत निघालो आणि पावलं मोजायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा त्यांनी नाक्यापासून पुन्हा सुरू करायला लावलं.